नक्कलनवीस

पानामागे चार पेनी. शब्दांचे वेगळे पैसे नाहीत.
असा आमचा करार, मिस्टर थर्लबींचा आणि माझा,
किंग्ज लिनमध्ये, धक्क्यामागच्या गल्लीत,
जिथं खिडकी उघडली की ओल्या शाईवर मीठ बसतं.

तेवीस वर्षं मी त्यांची गाणी उतरवली.
आधी पाच-पाच रेघा, मग सुरांचे ठिपके, त्यांच्या शेपट्या,
आणि सगळ्यात खाली शब्द,
तोडून तोडून,
कारण गळ्यातून जाताना शब्द सबंध राहत नाही.
किती जणांच्या ओळींचे पाय मी मोडले असतील!

कविता ते कुठूनही उचलायचे.
एका बिशपची, सातशे ओळींची. त्यातल्या घेतल्या नऊ.
बुडालेल्या खलाशाच्या दगडावरची, अर्धी शेवाळानं खाल्लेली;
ती तशीच लावली,
शेवाळ आहे तिथं पियानो एकटा वाजतो.
कुणा फारशी शायराची, दोन भाषांमधून गाळून आलेली.
"दुसऱ्या पाण्याचा चहा," म्हणाले, "पण रंग सुटतोय अजून."
आणि मिसेस थर्लबींनी जाताना
किटलीखाली दाबून ठेवलेली चिठ्ठी, चार ओळींची.
ती उतरवताना मी मान वर केली नाही.
चार पेनी मात्र घेतले.

मग ती वामाची कविता.
वर्तमानपत्रातलं मुलांचं पान, तिसरं बक्षीस,
विनिफ्रेड गॉट्स, वय वर्षं अकरा.
बापाच्या बादलीत वाम आहे,
तो गोल गोल फिरतो, त्याला वाटतं, आपण घरी चाललोय.
एवढंच.
त्या 'घरी'वर मिस्टर थर्लबींनी अकरा मात्रा दिल्या.
खाली पियानो बादलीसारखा फिरत राहतो
आणि वर तो एकच सूर, पाण्याबाहेर तोंड काढलेला.

गिल्डहॉलमध्ये सिरिल बॅगनलनं तो असा धरला
की पहिल्या रांगेतल्या बायकांनी हातमोजे काढले, डोळे पुसायला.
गाणं संपल्यावर मागून एक जण आली,
ओला कोट, बोटांना उकडलेल्या कोळंबीचा वास.
"मी विनी गॉट्स. वाम माझा होता."
मिस्टर थर्लबी वाकले.
"तुम्ही तिथं फार थांबता," ती म्हणाली,
"मी नव्हते थांबले. घंटा व्हायची होती, भरभर लिहिलं.
आणि त्याच रात्री आम्ही तो खाल्ला."

घरी जाईपर्यंत ते बोलले नाहीत.
साडेअकराला दार वाजवलं, हातात तेच पान.
मी पात्यानं अकरा मात्रा खरवडल्या, एक ठेवली.
त्यांनी म्हणून पाहिलं.
'घरी' शब्द दारावरून गेलेल्या टपालवाल्यासारखा निघून गेला.
सकाळी परत आले: "अकरा करा."
गुरुवारी: "एक."
कागद तिथं इतका झिजला
की दिव्यापुढे धरला तर त्यातून माझं बोट दिसायचं.

जानेवारीत ते गेले. छाती भरली होती.
आता लंडनहून छापणाऱ्याचं पत्र आलंय:
चौदाव्या घरात डाग आहे, मात्रा किती, कळवावं.
तीन आठवडे झाले, पत्र घड्याळाखाली आहे.

काल मुद्दाम विनीच्या गल्लीत गेले.
विचारायचं होतं. विचारलं नाही.
ती उंबऱ्यात उभी, हात ॲप्रनला पुसत,
धक्क्यावर खेळणाऱ्या पोराला हाक मारत होती,
घरी ये म्हणून.
मी मोजत होते, सवय आहे.
पाच, सहा, सात,
तेवढ्यात एक बोट भोंगा देत वळली
आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.