दर अडीच मिनिटांनी

कोटवाइकचा माळ. हिवाळा, सन त्रेपन्न.
तबकडी जर्मनांची. लढाई हरून जाताना
समुद्रकाठी टाकून गेले.
तेव्हा तिचा कान विमानांकडे असायचा,
आता आकाशगंगेकडे वळवायची आहे
आणि वळवायला मोटर नाही, मी आहे.

दर अडीच मिनिटांनी दोन हँडलं:
एक आडवं, एक उभं.
पृथ्वी गप्प बसत नाही, म्हणून हे निस्तरणं.
वाळू बेअरिंगमध्ये जाते, मी ग्रीस भरतो.
वाळू डब्यातल्या पावातही जाते.
तो तसाच खातो.

खोलीत एक पेन कागदावर रेघ ओढत असतं.
सकाळी बाउक्ये टर्पस्ट्रा येते, ओला कोट दारामागे टांगते,
फुटपट्टी लावून रेघेचे फुगवटे मोजते.
हा वायू आपल्याकडे येतोय,
हा लांब चाललाय.
मला दोन्ही सारखेच दिसतात.

मध्ये धूळ आहे म्हणे, एवढी
की ताऱ्यांचा उजेड वाटेतच खर्ची पडतो.
ही लहर मात्र आरपार येते.
लांबी एकवीस सेंटीमीटर.
मी वीत ताणून पाहिली, अंगठा ते करंगळी:
लहर संपली, वीत थोडी उरली.

फेब्रुवारीत एका रात्री डोळा लागला.
जागा झालो तर हँडलं गार,
आकाश पुढे सरकून गेलेलं
आणि पेन कुठल्या तरी भलत्याच जागेचं
इमानेइतबारे लिहीत होतं.
मी काही बोललो नाही.
हजेरीच्या वहीत लिहिलं: वारा बेताचा, रात्र ठीक.

नकाशा वसंतात भिंतीवर लागला.
वायूचे लांब वळलेले हात,
चुलीवरच्या दुधात चमचा फिरवून सोडावा तसे.
केंद्राच्या बाजूला पाचर कोरी.
तिथला वायू ना येतो ना जातो, नुसता आडवा निघून जातो,
त्याचं अंतर काढता येत नाही, साहेबांनी पाहुण्यांना समजावलं.

बाहेरच्या हातावर आणखी एक जागा कोरी होती,
नखाएवढी.
तिच्या कडेने तुटक रेघ.
तिच्याबद्दल पाहुण्यांनी विचारलं नाही.

बाउक्ये पेन्सिलीला टोक काढत होती.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आज रात्री कॉफी जास्त करून ठेवते."