दोन आणि तीनच्या मध्ये

खारशेतच्या तरीचा लिलाव मीच पुकारला होता.
ग्रामपंचायतीचा शिपाई; आवाज मोठा, एवढीच पात्रता.
मार्चची अखेर, पडवीत सतरंजी,
समोर ओहोटीने उघडा पडलेला खाडीचा चिखल.

याकूब सोलकर चौऱ्याऐंशी हजारांवर थांबला होता.
मी म्हटलं, एक वार.
मी म्हटलं, दोन वार.
आणि मला ठसका लागला.

सुपारीचं खांड. बस्स, एवढंच.
तांब्याकडे हात जाईपर्यंत
मागून वाडकर बोलला, पंच्याण्णव.
वाडकराकडे होडी नव्हती. वल्हंसुद्धा नव्हतं.
याकूबने कठड्यावरून आपल्या होडीकडे पाहिलं,
चिखलात एका कुशीवर कलंडलेली,
आणि म्हणाला, शहाण्णव.

चौथाई भरली. पावतीपुस्तकं शिक्का मारून दिली:
माणशी पाच रुपये, सायकलीला तीन, शेळीला दोन,
मयताला माफ.

दिवाळीनंतर वरच्या अंगाला पूल उघडला.
करारात त्याचं नाव नव्हतं.
डिसेंबरात तरीवर दिवसाला चार माणसं,
त्यातला एक मी, नोटीस घेऊन.
'जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यात येईल.'
त्याने ते दोनदा वाचलं.
"भाऊ, खाडीत जमीन कुठाय?"
माझे पाच रुपये मात्र पावती फाडूनच घेतले.

मग राजापूरचं कोर्ट. आठ वर्षं.
त्याचा वकील म्हणे, करारावर सरपंचांची सहीच नाही.
आमचा म्हणे, अट अकरा वाचा,
कोणत्याही कारणास्तव सूट मागता येणार नाही.
पूल हे 'कारण' की नाही
एवढ्यावर तीन साहेब बदलून गेले.
व्याज सुट्टीच्या दिवशीही चालत होतं.

साक्षीला मी उभा राहिलो.
लिलाव रीतसर झाला? झाला.
तीनदा पुकारलं? पुकारलं.
दोन आणि तीनच्या मध्ये काय झालं
हे दोघांपैकी एकाही वकिलाने विचारलं नाही.
मी घसा साफ केला
आणि खाली उतरलो.

परवा निकाल लागला, पंचायतीसारखा.
आज होडी जप्त करायला आलोय.
फळ्या सुटलेल्या, तळात कुर्ल्या,
नाळेवरचा हिरवा रंग हाताला लागतो.
पंचनाम्यात किंमतीचा रकाना कोरा ठेवून
ग्रामसेवक माझ्याकडे बघतायत.

याकूब बांधावर उभा आहे, दाढी पिकलेली.
"पुकार की," म्हणतो,
"तुझा आवाज मोठा हाय."