अधिक स्थिरांक

कारा-बुलुनच्या शाळेत मार्च सरेपर्यंत शेगडी पेटलेली असते.
खडू गार, बोटं कोळशानं काळी.
मी फळ्यावर आमचं गाव लिहिलं:
लोकसंख्या = १८४० + १२ × वर्षं.
मग डेरिव्हेटिव्ह काढलं.
उरले बारा.

जोमार्त खूश. सरळ रेषा,
चढ कुठंही मोजा, तोच.
आज, पुढच्या हिवाळ्यात, घंटा होते त्या क्षणी,
बाराच.
म्हणजे महिन्याला एक माणूस,
पंधरवड्याला अर्धा.
अर्धा कुठला, वरचा की खालचा?
मागच्या बाकावर दरवर्षी हाच विनोद होतो
आणि दरवर्षी मीही हसते.

आयजार्किननं हात वर केला.
"एजे, अठराशे चाळीस कुठं गेले?"

स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य, मी म्हटलं.
जे बदलत नाही ते यात दिसत नाही.
ती खाली बसली. पटलं नव्हतं,
मानेवरूनच कळत होतं.
तिचा बाप चाळीस वर्षं मेंढ्या घेऊन
उन्हाळ्यात वरच्या कुरणावर जातो, थंडीत खाली येतो.
शून्य.

संध्याकाळी ग्रामकचेरीत सागिनबेकच्या वहीत डोकावले.
गेल्या वर्षी जन्म एकोणीस, मृत्यू पाच,
दोघं रशियाला. बारा.
यंदा जन्म चोवीस, मृत्यू चार,
आठ जण रशियाला,
त्यात सातव्या ओळीवर माझा धाकटा भाऊ, तुर्दुबेक,
स्पेलिंग चुकलेलं.
पुन्हा बारा.
सागिनबेक म्हणाला, बघ, कशी पट्टीनं आखल्यासारखी वाढ.
रेषेला काय,
ती दोन्ही वर्षं सारखीच चढली,
दम न लागता.
मी पेन मागून घेतलं, स्पेलिंग तेवढं सुधारलं.

उद्या उलटं जायचंय, चढाकडून गावाकडे.
बारा गुणिले वर्षं,
आणि शेवटी अधिक एक अक्षर
जे मुलं हटकून विसरतात आणि मी अर्धा गुण कापते.
त्याची किंमत चढाला ठाऊक नसते.
ती कुणीतरी जाऊन आणावी लागते.

आयजार्किनला पाठवीन म्हणते, कोरी वही देऊन,
नदीपलीकडच्या घरांपासून.
तिकडं कुत्री मोकळी असतात.
पण तिला ओळखतात.