अठ्ठेचाळीस व्होल्ट

पंच्याण्णव लारींचा मायक्रोफोन
तिबिलिसीहून मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती आला,
कुणाच्या तरी औषधांच्या खोक्याखाली दबून.
कुतैसीच्या तळावर मुर्मानने तो घेतला
जसं दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं,
मानेखाली हात धरून.

स्वस्त आहे, म्हणाला, पण कंडेन्सर आहे.
म्हणजे काय?
म्हणजे आत एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
वरून सोन्याचा नुसता हात फिरवलेला,
आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट दिल्याशिवाय
तो कुणाचं काही ऐकून घेत नाही.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली.
मी म्हटलं, असतात असेही.

हिवाळी कोट त्याने दोन्ही दारांवर टांगले,
मधोमध स्टँड,
आणि माझा ठेवणीतला नायलॉनचा मोजा
भरतकामाच्या कड्यावर ताणून समोर बसवला,
ओठांतून फुटणारी हवा अडवायला.
मोजा धुतलेला होता, हे इथे सांगून ठेवते.

पहिल्या दिवशी त्या यंत्राने गाणं सोडून सगळं टिपलं.
फ्रिजची घरघर. भिंतीपलीकडे मनानाचा गळका नळ.
आमच्या इमारतीत लिफ्ट फुकट वर नेत नाही;
डब्यात कुणी वीस तेत्रीचं नाणं टाकलं,
ते इतकं स्वच्छ वाजलं
की मुर्मान म्हणाला, हे माझ्यापेक्षा सुरात आहे.
मग फ्रिज बंद. काम रात्री दीडनंतर.
तिसऱ्या दिवशी चीज आंबलं, चौथ्या दिवशी मी.

गाणं तिघांचं. एकट्याचं ते कधीच नव्हतं.
खर्ज मुर्मानचा.
मधला सूर जिमशेरचा, जो आता पोलंडमध्ये
कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला खोकी मोजतो.
आणि वरचा, कोंबड्याच्या बांगेसारखा तुटत तुटत उडणारा,
ओतियाचा.
ओतियाला फेब्रुवारीत पुरलं.
कबरीपाशी दोघांनी आपापले सूर लावले
आणि तिसऱ्याच्या जागी थांबले,
जसं पानावरून कुणी मीठ आणायला उठावं
आणि बाकीच्यांनी घास हातात धरून बसावं.

म्हणून हे यंत्र. तिन्ही सूर मीच भरणार, म्हणाला.
खर्ज झाला.
मधलाही झाला, ओढूनताणून, पण झाला.
वरचा होईना.
बासष्टीचा गळा तिथे पोचता पोचता
केटलीसारखी शिट्टी मारी.
अकरा वेळा.
बाराव्यांदा लाल दिवा चालू ठेवून तो नुसताच उभा राहिला
आणि यंत्राने ते उभं राहणंही घेतलं:
गुडघ्याचं कटकन वाजणं, नाकातला श्वास.

परवा सकाळी हेडफोन लावून
तो मधला सूर पुन्हा ऐकत होता.
एकदम हात वर केला. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.
इथे कुणीतरी आहे.
कुठे?
खूप लांब. वरच्या सुरात.

त्या रात्री स्वयंपाकघराचं दार लावून
मी राजम्यातले खडे वेचत होते.
हात चालला की तोंड चालतं.
बायकांनी हे गाणं म्हणायचं नसतं
असं मला कधी कुणी सांगितलं नाही,
कारण मी म्हणेन
हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

फ्रिज असेल, मी म्हणाले.

फ्रिज बंद होता.

बराच वेळ हेडफोन गळ्यात तसेच.
मग उठला, स्टँडचा स्क्रू सैल केला,
मायक्रोफोन वीतभर खाली घेतला,
माझ्याकडे पाहिलं,
आणखी दोन बोटं.

खाली लिफ्टमध्ये नाणं पडलं.
ती वर येऊन थांबेपर्यंत
आम्ही दोघं गप्प उभे राहिलो.