फळ्यावर मावेल तेवढं

वाचनालयाच्या ओट्यावरचा फळा, सहा फूट बाय चार.
उजव्या कोपऱ्याचा पोपडा निघालाय, तिथं खडू धरत नाही,
म्हणून मोठी बातमी मी डावीकडूनच सुरू करतो.
पाणी : वॉर्ड चार, सकाळी सहा ते साडेसहा.
सापडली : चाव्यांची जुडी, लाल रिबीन. ओळख पटवून न्यावी.
निधन : नाव, वय, कोणतं मोक्षधाम, किती वाजता.
एवढं झालं की खाली चार बोटं उरतात.
त्या चार बोटांत पोळ्यापासून एकच ओळ होती :
बालोद्यानाचे उद्घाटन लवकरच.
पावसानं, मग दवानं ती पुसट व्हायची,
मी परत गिरवायचो.

पहिली तारीख पाहुणे यवतमाळला बैठकीत अडकले म्हणून गेली,
दुसरी आचारसंहितेत.
तिसऱ्या वेळी मंडप पडला, बँडवाले आले,
पाहुण्यांच्या गाड्या बायपासवरून सरळ निघून गेल्या.
उरलेली बुंदी गुणवंता बोरकुटेनं
बादलीत भरून शाळेच्या पोट्ट्यांना वाटली.
ते लिहायला फळ्यावर जागा नव्हती.

फाटकाला कुलूप.
चावी नगर पंचायतीत, नगर पंचायतीची चावी कुकडे शिपायाकडे,
आणि कुकडे टपरीवर, खर्रा घोटून घेत.
मागच्या भिंतीत मात्र, आटाचक्कीच्या अंगाला,
तीन विटांची फट.
संक्रांतीला सात विटांची.
होळीपर्यंत म्हैस जाईल एवढी.

चैत्रात घसरगुंडी तव्यावानी तापते.
पोट्टे आधी बाटलीभर पाणी ओततात,
वरून सिमेंटचं रिकामं पोतं,
आणि पोत्यावर कोणी बसायचं यावरून भांडतात.
हवेत चालायच्या यंत्रावर
मुमताजबी आणि इंगळेकाकू समोरासमोर उभ्या :
कोण्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवत
दोघी मिळून पाच कोस चालल्या असतील,
भाजी अजून संपली नाही.
यादोराव निस्ताने लोंबकळायच्या दांडीवर
धोतर वाळत घालतात.

मी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, हे लिहू का?
ते फाइलमधून वर न बघता म्हणाले,
“उद्घाटन झालंच नाही, मास्तर,
तर आत कोणी असणार कसं?”

एकदा पहाटे पाचला खडू आणायला निघालो होतो,
म्हणजे खडू घरीच होते, झोप नव्हती.
फटीतून सहज पाहिलं.
रुखमा टेंभुर्णे झोपाळ्यावर.
खराटा घसरगुंडीला टेकवलेला,
चपला एकीला एक लावून बाजूला,
नगर पंचायतीचं हिरवं जॅकेट अंगात तसंच.
पाय आधी जमिनीला लागत होते,
मग लागेनासे झाले.
कड्या करकरत होत्या. तिनं इकडं पाहिलं नाही.
मी चक्कीच्या आडोशानं परत फिरलो
आणि त्या दिवशी फळ्यावर
गॅस सिलिंडरची गाडी उशिरा येईल, एवढंच लिहिलं.

शेवटी एका बुधवारी, भर उन्हात, उद्घाटन झालं.
फीत कापली. नारळ दुसऱ्या फटक्यात फुटला.
पाहुणे झोपाळ्याची साखळी हातात घेऊन म्हणाले,
“वा, किती चकाकते. नवी वस्तू ती नवीच.”
झोपाळ्याखाली पायांनी उकरलेला खड्डा होता, टोपलंभर मातीचा.
त्यात त्यांचा बूट गेला, ते सावरले, टाळ्या पडल्या.
“आजपासून हे उद्यान तुमचं,” असं ते बोलले तेव्हा
मागं कोण्यातरी पोट्ट्यानं फिसकन हसून घेतलं
आणि त्याच्या मायनं त्याला चिमटा काढला.

फाटक आता उघडं असते.
लोक फटीतूनच येतात.
काकूला विचारलं तर म्हणे,
“तिकून लांब पडते ना बापा.”

दुसऱ्या दिवशी नगर पंचायतीचा कागद आला.
मी ओला फडका घेतला, खालची ओळ पुसली,
म्हणजे अर्धीच पुसली.
बालोद्यानाच्या मागील भिंतीची दुरुस्ती, एवढं नवं लिहिलं.
लवकरच तिथं होतंच.