अठ्ठाविसावा किलोमीटर

ताहितीत पत्ते किलोमीटरांत सांगतात.
मारेवा, आमची घरमालकीण, पपई चिरता चिरता म्हणाली,
गुहा ना? अठ्ठाविसावा किलोमीटर, डोंगराच्या अंगाला.
पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी दाखवावी तसं.

आम्ही टॉर्च घेतला होता, बूट,
ग्लुकोजची पुडी, जखमेची पट्टी.
आणि गुहा निघाली ही अशी,
अगदी रस्त्याला लागून,
एखाद्या बाईनं ओसरीवर बसून
येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करावी तशी.
समोर समुद्र, मध्ये डांबर,
इकडं डोंगराचं उघडं तोंड,
नेच्यांच्या झालरीतून ठिबकणारं,
आणि आत हिरवंकाळं पाणी.

बास, एवढीच? हे म्हणाले.
पंधरा पावलं असेल फार तर.
खडा उचलला, मागच्या भिंतीवर नेम धरला.
खडा मधेच पाण्यात पडला.
दुसरा, जरा मोठा.
तोही.
तिसऱ्याच्या वेळी चष्मा काढून माझ्याकडं दिला.
छत्तीस वर्षं बँकेत,
रुपयाचा फरक लागला तर रात्री दहापर्यंत थांबणारा माणूस,
घामाघूम होऊन गुहेशी हिशेब जुळवत होता.
मी हसले नाही.
हसले, पण पाठ करून.

पालापाचोळा ओढणारा म्हातारा थांबला.
फुलाफुलांचा विटका शर्ट, पायात रबरी चपला.
नाव तिहोनी. नगरपालिकेकडून
आठवड्यातून तीनदा गुहा झाडतो.
गुहा झाडणं ही नोकरी असू शकते
हे मला फार आवडलं.

भिंत जवळ नाही, तो तोडक्या इंग्रजीत म्हणाला,
पाणी तिला पुढं आणून दाखवतं.
दिसतं तसं नसतं, हे पुटपुटले,
आणि म्हणीचा उरलेला अर्धा भाग गिळून टाकला.

तिहोनीनं दंताळं खडकाला टेकवलं.
बराच वेळ शोधून एक चपटा दगड निवडला,
भाकरीसारखा या हातावरून त्या हातावर घेतला
आणि भिरकावला.
कमीच पडला. पण आमच्यापेक्षा पुष्कळ आत.

माझा भाऊ पोचवायचा, तो म्हणाला.
तेहेई. आम्हा सगळ्या पोरांत तो एकटाच.
टक्, असा आवाज यायचा.
अठरा वर्षांचा होता, लांबच्या प्रवाळबेटावर गेला,
फ्रेंचांच्या कामावर.
महिन्याला एवढे पैसे, की आई ते मोजायला शेजारणीला बोलवायची.
तिथून त्यानं लाल मोपेड आणली.
मग आजार आणला.

एवढंच. कसला, ते त्यानं सांगितलं नाही
आणि आम्ही विचारलं नाही.
तसल्या बेटांवर तेव्हा काय फोडत असत
ते आमच्या वर्तमानपत्रांतही येऊन गेलं होतं,
आतल्या पानावर, चार ओळी.

एक गाडी थांबली. दोन माणसं उतरली,
पाण्याकडं पाठ करून फोटो काढले, गेली.
थेंब पडत राहिले,
एकमेकांची वाट न बघता.
हे चष्मा पुसत बसले, नको तेवढा.

मग मला काय सुचलं कोण जाणे.
खडा हलकाच होता, चपलेत घुसलेला.
नेमही धरला नाही,
अंगणातलं मांजर हाकलावं तसा टाकला.
आणि नेमका तेव्हा
बाटल्यांच्या क्रेटांनी लादलेला ट्रक मागून गेला,
खडखडत, हॉर्न देत, कुणाला तरी हात करत.
टक् झालं की डुबुक,
कुणालाच कळलं नाही.

हे म्हणाले, चल, ऊन वाढतंय.
तिहोनी मात्र मान वाकडी करून
कान लावून उभा होता.
ट्रक पार वळणाआड गेल्यावरसुद्धा.