पत्ता तीनशे अठ्ठ्याहत्तर

सकाळी संगणक म्हणाला,
आज एक जानेवारी, दोन हजार दोन.
तांडापेठेत मे महिना चालू होता,
कूलरच्या ताट्यांना पाणी पुरत नव्हतं.
मी वाद घातला नाही.
म्हाताऱ्यांशी तारखेवरून कोण भांडतं.

मग टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं
आणि चौकट आली : कुलूप सापडत नाही.

कुलूप म्हणजे काडेपेटीएवढा करडा ठोकळा,
पाठीमागच्या पंचवीस भोकांत पंचवीस सुया रुतवून
दोन्हीकडून स्क्रू पिळलेला.
तो घेतला त्या साली तेवढ्याच पैशांत
मावसबहिणीनं सोन्याच्या बाळ्या केल्या.
तो असला की पडद्यावर मराठी उमटते.
नसला की मी नुसती टेबलाशी बसलेली बाई.

काढून फुंकला. सुया खोडरबरानं घासल्या.
परत लावला, एक स्क्रू जास्तच पिळला.
यादी उघडून पाहिली :
माऊस आहे, कीबोर्ड आहे,
आठ वर्षांपूर्वी मेलेली फ्लॉपीसुद्धा आहे,
पोर्टाचं नावच नाही.
बिघडलं असतं तर पिवळं चिन्ह तरी आलं असतं.
घर उभं होतं,
सिटी सर्व्हेच्या कागदावरून गेलं होतं.

बर्डीचा दुकानदार फोनवर :
काहून वापरून राहिल्या ताई अजून ते?
भंगारात द्या. नाहीतर कन्व्हर्टर घ्या.
घेतला होता बावा, मागच्या दिवाळीत.
त्याच्यावर प्रिंटर चालते,
कुलूप काही ओळखून नाही राहिलं.

इकडे हेडाऊजी दारातल्या खुर्चीवर,
डोक्याला ओला दुपट्टा, मांडीवर पिशवी.
विणकर सोसायटीची जुनी यादी पुन्हा छापायची,
तीनशे बारा नावं.
ती फाइल मुलीच्या लॅपटॉपवर उघडली
तर हलबा कोष्टी माणसांच्या जागी
कंस, डॉलर, अर्धविराम.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.
मग म्हणाले,
धागा तुटला नसन पोरी,
फणीत भरलाच नसन.

मी हसले.
आणि मग ती तारीख आठवली.

डबा उघडला. धूळ, वाळकं पालीचं अंडं,
आणि कोपऱ्यात रुपयाएवढी बॅटरी, मेलेली.
ती गेली तशी मी त्याला शिकवलेलं सगळं गेलं,
कारखान्यात शिकवलेलं तेवढं उरलं.
मुलीच्या वजनकाट्यातली काढून बसवली.
(रात्री ती ओरडली. ओरडू दे.)
बटण दाबलं, डिलीट दाबत राहिले,
निळा पडदा, तिसरं पान, खालून दुसरी ओळ :
पॅरलल पोर्ट — डिसेबल्ड.

बस्, एवढंच.
अधिकची कळ दोनदा. पत्ता तीनशे अठ्ठ्याहत्तर,
इंटरप्ट सात. जतन करू? हो.

नावं आली.
हेडाऊजींनी खुर्ची ओढली, बोट काचेवर ठेवलं.
पौनीकर, दोन माग. निखारे, एक.
हा भंडाऱ्याले गेला. हा गेलाच.
बोट शेवटपर्यंत उतरलं, तिथेच राहिलं.
एक नाव तवा राहून गेलं, म्हणाले.
कांड्या भरत होती. माग नावावर नव्हता न,
म्हणून.
कोणाचं?
ते कूलरकडे बघायला लागले.
तो नुसता गरम वारा फेकत होता.
भागरथा, म्हणाले. हेडाऊच लिवा पुढं.

थ कुठल्या कळीवर, मला आता सांगता येत नाही,
बोटांना येतं.
तीनशे तेरा.

बंद करताना त्यानं तारीख विचारली.
सतरा मे घातली. वेळ सव्वाचार.
आणि बादली घेऊन उठले.